सॉफ्टवेअरला दरसूची नाही. मग खर्च आणि मुदतीचा अंदाज बांधायचा कसा?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बंधारा, रस्ता किंवा शाळेची खोली बांधायची म्हटली, की खर्चाचा अंदाज काढण्याची रीत ठरलेली आहे. अभियंता जागा पाहतो, मोजमापे घेतो, खात्याची दरसूची उघडतो आणि प्रत्येक बाबीला दर लावून अंदाजपत्रक तयार करतो. मुरूम किती ब्रास आणि पोलाद किती टन लागेल, हे आधी सांगता येते. मात्र याच भागातील पतसंस्थेचे संचालक, बाजार समितीतील आडतदार, साखर कारखान्याचे अधिकारी किंवा दूध संस्थेचे सचिव जेव्हा आपल्या कामासाठी संगणकप्रणाली तयार करून घ्यायला निघतात, तेव्हा त्यांच्या हाती अशी कोणतीही दरसूची नसते. तीन कंपन्यांकडून तीन दरपत्रके येतात आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या चौपट असू शकतो. त्यांपैकी कोण प्रामाणिक, कोण अजाण आणि कोण काम मिळविण्यासाठी मुद्दाम कमी दर भरतो आहे, हे ओळखण्याचे साधन बहुतेकांजवळ नसते. मग सर्वांत कमी दराला मंजुरी दिली जाते. पैसा अर्थातच सभासदांचा असतो.

दरसूची असली म्हणजे अंदाज चुकत नाहीत, असेही नाही. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे याच दोन तालुक्यांत आहेत, आणि 'सुप्रमा' म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता हा शब्द येथील वृत्तपत्र वाचकाला पाठ झालेला आहे. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला सुमारे ३,९४८ कोटी रुपयांची सुधारित मान्यता दिली. डोळ्यांना दिसणाऱ्या मातीच्या आणि काँक्रीटच्या कामाची ही गत असेल, तर न दिसणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अंदाजाबाबत अधिक सावध राहावे लागते.

अंदाज, उद्दिष्ट आणि किंमत

गोंधळाची सुरुवात शब्दांपासून होते. 'दिवाळीपर्यंत काम झाले पाहिजे' हे संचालक मंडळाचे उद्दिष्ट असते. 'सात लाखांत करून देतो' ही विक्रेत्याने सांगितलेली किंमत असते. या दोन्हींपैकी एकही अंदाज नव्हे. किती काम आहे, ते करायला किती माणसांना किती दिवस लागतील आणि हे गणित कितपत चुकू शकते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळून अंदाज तयार होतो. किंमत ही त्यानंतरची गोष्ट आहे. एखादी कंपनी ओळख वाढविण्यासाठी तोटा सोसूनही काम घेईल, दुसरी दुप्पट नफा लावील. तो व्यापाराचा भाग झाला. परंतु अंदाजच नसताना किंमत ठरली, तर ती कमी आहे की जास्त, हे दोन्ही पक्षांना कळत नाही.

मुदतीच्या बाबतीत माणसाचा स्वभावही आड येतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये 'नियोजनाचा भ्रम' ही संकल्पना मांडली. आपले काम किती वेळ घेईल हे ठरविताना माणूस सर्व काही सुरळीत पार पडेल असे चित्र डोळ्यांपुढे आणतो. तशाच प्रकारच्या मागच्या कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला होता, याकडे तो पाहत नाही. अनुभवी माणसेही या भ्रमातून सुटत नाहीत.

मोजायचे तरी काय?

सॉफ्टवेअरचे माप म्हणून पूर्वी त्यातील सूचनांच्या ओळी मोजत असत. अमेरिकी अभियंते बॅरी बोहेम यांनी १९८१ मध्ये 'कोकोमो' ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या सर्वांत साध्या सूत्रानुसार वीस हजार ओळींच्या, फारशा गुंतागुंतीच्या नसलेल्या कामाला सुमारे ५६ मनुष्य-महिने श्रम आणि साडेअकरा महिन्यांचा कालावधी लागतो. एका माणसाचे एका महिन्याचे काम म्हणजे एक मनुष्य-महिना. ओळी दुप्पट, म्हणजे चाळीस हजार झाल्या, तर श्रम ११५ मनुष्य-महिन्यांवर जातात. दुपटीहून थोडे अधिक. काम मोठे होते तसे ते नुसते लांबत नाही, त्याचे भाग एकमेकांत गुंततही जातात, हे या सूत्रात धरलेले आहे. सूत्रातील आकडे बोहेम यांच्यापुढे असलेल्या त्या काळातील प्रकल्पांवरून काढलेले असल्याने आजच्या कामाला ते जसेच्या तसे लावू नयेत. शिवाय मुख्य अडचण वेगळीच आहे. काम सुरू होण्यापूर्वी किती ओळी लिहाव्या लागतील हे कोणाला ठाऊक असते? आणि ग्राहकाला तर ओळींशी काही देणेघेणेच नसते.

आयबीएममधील ॲलन आल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये यावर तोड काढली. त्यांनी ग्राहकाला समजणाऱ्या गोष्टी मोजायला सुरुवात केली. प्रणालीत कोणकोणत्या नोंदी भराव्या लागणार, तिच्यातून कोणकोणते कागद बाहेर येणार, कोणत्या चौकशा करता येणार, कोणती माहिती तिच्यात साठवून ठेवावी लागणार आणि बाहेरच्या कोणत्या प्रणालींशी तिचा संबंध येणार, अशा पाच प्रकारच्या बाबींची यादी करायची आणि प्रत्येक प्रकाराला ठराविक गुण द्यायचे. या गुणांना 'फंक्शन पॉइंट' म्हणतात. सॉफ्टवेअरच्या जगातला हा एक प्रकारचा 'ब्रास' म्हणता येईल.

नारायणगाव उपबाजारात टोमॅटोचा व्यवहार करणाऱ्या एखाद्या आडतदाराचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ गणित समजण्यासाठी आहेत. शेतकऱ्याची नोंद, खरेदीदाराची नोंद, आलेल्या क्रेटची आवक, लिलावातला दर, दिलेले आणि परत आलेले रिकामे क्रेट, हमाली-तोलाईचे दर, शेतकऱ्याने घेतलेली उचल, शेतकऱ्याला दिलेले पैसे, खरेदीदाराकडून आलेली रक्कम, चुकीची दुरुस्ती आणि कोणाला काय पाहता येईल याची परवानगी अशा बारा नोंदी धरल्या आणि प्रत्येकी चार गुण दिले, तर ४८ गुण होतात. पट्टी, खरेदीदाराचे बिल, रोजचा आवक-विक्री गोषवारा, बाजार फीचे विवरण, येणे-देणे यादी अशा नऊ कागदांना प्रत्येकी पाच, म्हणजे ४५. सहा चौकशांना प्रत्येकी चार, म्हणजे २४. साठवणुकीच्या सात मुख्य माहितीसंचांना प्रत्येकी दहा, म्हणजे ७०. बँकेत रक्कम पाठविण्याची फाइल आणि हिशेबाचे तयार पॅकेज या बाहेरच्या दोन संबंधांना प्रत्येकी सात, म्हणजे १४. एकूण बेरीज २०१.

आता एक फंक्शन पॉइंट पूर्ण करायला किती तास लागतात, हा प्रश्न येतो. याचे उत्तर पुस्तकातून नव्हे, तर काम करणाऱ्या कंपनीच्या आधीच्या कामांतून मिळाले पाहिजे. समजा, त्या कंपनीला मागच्या दोन-तीन कामांत विश्लेषण, लेखन आणि चाचणी धरून गुणामागे दहा तास लागले. म्हणजे हे काम २,०१० तासांचे झाले. माणूस महिनाभर कार्यालयात बसत असला, तरी बैठका, रजा, फोन आणि इतर कामे वजा जाता प्रत्यक्ष कामाचे तास १२० धरावेत, हे बरे. तेव्हा १७ मनुष्य-महिन्यांच्या जवळपास काम होते. पगार, जागा, वीज, संगणक आणि व्यवस्थापन मिळून एका मनुष्य-महिन्याला साठ हजार रुपये पडत असतील, तर खर्च सुमारे दहा लाख होतो. तीन माणसे लावली तर कालावधी सहा महिन्यांच्या आतबाहेर.

या गणिताचा खरा उपयोग दहा लाख हा आकडा काढण्यापुरता नाही. अशी यादी समोर आली, की तीन दरपत्रकांची तुलना शक्य होते. ज्याने चार लाखांचे दरपत्रक दिले, त्याने क्रेटचा हिशेब धरला आहे का, बँकेची फाइल धरली आहे का, हे विचारता येते. अनेकदा स्वस्त दरपत्रकात निम्मे काम लिहिलेलेच नसते, असे यादी लावल्यावर लक्षात येते.

वहीत नसलेले नियम

अंदाज मोजणीत जितका चुकतो, त्याहून अधिक तो न सांगितलेल्या गोष्टींमुळे चुकतो. आडतीच्या पेढीवर किंवा संस्थेच्या कार्यालयात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या दिवाणजींच्या डोक्यात अनेक नियम असतात. जुन्या गिऱ्हाईकाला वटाव किती द्यायचा, फुटलेल्या क्रेटचे पैसे कोणाच्या नावे टाकायचे, मयत सभासदाच्या खात्यावरील व्याज कधी थांबवायचे, अशा गोष्टी कोणत्याही उपविधीत लिहिलेल्या नसतात. प्रणाली लिहिणाऱ्या तरुणाला त्या ठाऊक नसतात आणि दिवाणजींना त्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटत नाही. चाचणीच्या दिवशी पट्टी चुकते आणि मग 'हे तर सगळ्यांनाच माहीत आहे' असा संवाद ऐकू येतो.

क्वीन्सलँड या ऑस्ट्रेलियातील राज्याच्या आरोग्य खात्याने सुमारे ऐंशी हजार कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी नवी प्रणाली मार्च २०१० मध्ये सुरू केली. वेगवेगळे कामगार करार, पाळ्या आणि भत्ते मिळून पगार काढण्याच्या नियमांच्या २४ हजारांहून अधिक जोड्या तयार होत होत्या. प्रणाली सुरू होताच हजारो कर्मचाऱ्यांना कमी, जास्त किंवा मुळीच पगार मिळाला नाही. २०१३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, तेव्हा हे प्रकरण निस्तरण्यासह एकूण खर्च १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाईल असा हिशेब मांडला गेला. नियमांची मोजदाद काम सुरू होण्याआधी नीट झाली नव्हती, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

आपल्याकडे तर नियम मध्येच बदलतातही. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद केली. पट्टीचा नमुना एका रात्रीत बदलला. पुढच्याच वर्षी, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला.

उसाचे उदाहरण आणखी बोलके आहे. जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगर येथे श्री विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यात दत्तात्रयनगर-पारगाव येथे भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, द्यावा लागतो; उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. राज्य सरकारने २१ फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयाने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली. पहिला हप्ता आधी आणि उरलेली रक्कम हंगामाचा साखर उतारा निश्चित झाल्यावर, असे त्याचे स्वरूप होते. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हा निर्णय रद्द ठरविला. राज्यातील कोणत्याही कारखान्याची ऊसबिलाची प्रणाली घ्या. 'एका टप्प्यात', 'दोन टप्प्यांत' आणि पुन्हा 'एका टप्प्यात' असा तीन वर्षांतला प्रवास तिला झेपणे आवश्यक होते. नियमांतील दर आणि हप्ते कार्यालयातूनच बदलता येतील अशी सोय ठेवायला आरंभी जास्त खर्च येतो. ती नसेल, तर प्रत्येक बदलाला कंपनीचे दार ठोठवावे लागते आणि प्रत्येक वेळी वेगळे बिल येते. अंदाजपत्रकात यांपैकी काय धरले आहे, हे आधीच विचारून घ्यावे.

जुन्या वह्यांचा खर्च

दरपत्रकात हमखास गाळला जाणारा दुसरा विषय म्हणजे जुनी माहिती नव्या प्रणालीत भरणे. एखाद्या पतसंस्थेची चार हजार खाती आहेत असे समजू. प्रत्येक खात्याची शिल्लक, व्याजाचा दर, वारस आणि जामीनदार तपासून भरायला सहा मिनिटे धरली, तरी चारशे तास होतात. रोजचे काम सांभाळून दोन कर्मचारी दिवसाला प्रत्येकी पाच तास देऊ शकले, तर चाळीस कामाचे दिवस, म्हणजे जवळपास सात आठवडे. हा वेळ कंपनीचा नसून संस्थेचा असतो; म्हणून तो कोणाच्याच हिशेबात येत नाही. शिवाय सहा मिनिटांचे गृहीतक वह्या बरोबर असल्या तरच खरे ठरते. खतावणी आणि रोजकीर्द जुळत नसेल, तर एका खात्याला अर्धा दिवसही जातो.

राज्याने हा धडा मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे. २४ जून २०१७ रोजी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. ३४,०२२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी असे आकडे त्या वेळी सांगण्यात आले. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर ऑनलाइन मागविण्यात आले आणि बँकांकडून कर्जखात्यांची माहिती ६६ रकान्यांच्या नमुन्यात घेण्यात आली. १८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, प्रातिनिधिक शेतकऱ्यांना प्रमाणपत्रे देण्याचा समारंभ झाला. त्यानंतर याद्यांमध्ये तफावती आढळल्या, अर्जातील आणि बँकांकडील माहिती जुळेना आणि खात्यांवर पैसे जमा होणे लांबत गेले. अर्ज स्वीकारणारी प्रणाली चार महिन्यांत उभी राहू शकते. गावोगावच्या विकास सोसायट्यांच्या आणि बँकांच्या वेगवेगळ्या पद्धतीने ठेवलेल्या नोंदी एका साच्यात बसविण्याचे काम त्याच मुदतीत बसणारे नव्हते. दिवाळी हे उद्दिष्ट होते. अंदाज म्हणून ते वापरले गेले, असे म्हणावे लागते.

केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्याकडच्या विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, तेव्हा मात्र जुन्या नोंदींचे संगणकीकरण, संगणक सामग्री, सामाईक सॉफ्टवेअर, प्रशिक्षण आणि देखभाल या बाबी आराखड्यातच धरल्या. ६३ हजार संस्थांसाठी पाच वर्षांत २,५१६ कोटी रुपये, असा मूळ आराखडा होता. भागाकार केला तर संस्थेमागे चार लाखांच्या आसपास रक्कम येते. पुढे संस्थांची संख्या वाढली आणि आराखडा २,९२५.३९ कोटींवर गेला. ही वाढ काम वाढल्यामुळे झालेली आहे, अंदाज चुकल्यामुळे नव्हे. हा फरक कोणत्याही सुधारित अंदाजपत्रकात स्पष्ट दिसला पाहिजे. छोट्या संस्थेला तुलनेसाठी एक आकडाही यातून मिळतो.

मुदत चुकली, की हंगाम चुकतो

शहरातल्या कार्यालयात दोन महिन्यांचा उशीर म्हणजे दोन महिन्यांचाच उशीर. शेतीशी जोडलेल्या व्यवसायात तसे होत नाही. कारखान्याची ऊस नोंद, तोडणी, वजनकाटा आणि बिलाची प्रणाली गाळप सुरू होण्यापूर्वी, ऑक्टोबरपर्यंत, तयार हवी. ती डिसेंबरात तयार झाली, तर ऐन हंगामात काट्यावर वाहनांच्या रांगा लागलेल्या असताना पद्धत बदलण्याचे धाडस कोणी करीत नाही. प्रणाली पुढच्या हंगामाची वाट पाहत पडून राहते. दोन महिन्यांचा उशीर वर्षाचा होतो आणि त्या वर्षात नियमही बदललेले असू शकतात. टोमॅटोच्या आडतीला उन्हाळी मालाची गर्दी सुरू होण्याआधीचा काळ सोयीचा, तर पतसंस्थेला ३१ मार्चचा ताळेबंद आणि त्यानंतरचे लेखापरीक्षण टाळूनच बदल करावा लागतो. म्हणून मुदत ठरविताना शेवटच्या तारखेपेक्षा 'या तारखेपर्यंत झाले नाही तर जुनीच पद्धत चालू ठेवायची' ही तारीख आधी ठरवावी.

उशीर दिसू लागला, की आणखी माणसे लावण्याचा आग्रह होतो. विहिरीच्या खोदाईला ते एक वेळ चालेल. आयबीएमच्या मोठ्या प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात उलट अनुभव नोंदविला आहे: रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढविली, की तो आणखी रखडतो. नव्यांना काम समजावून देण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपसांतील बोलणे वाढते. तीन माणसांत बोलण्याच्या तीन जोड्या असतात, सहांत पंधरा आणि दहांत पंचेचाळीस.

जुने चालू ठेवून नवे आणण्याचे उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे, फक्त ते व्यापारातले नाही. खोडद येथील जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या तीस ॲंटेनांची रेडिओ दुर्बीण २००२ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली आहे. तिची यंत्रणा पुढील दशकात अद्ययावत करण्यात आली, ती दुर्बीण दीर्घकाळ बंद ठेवून नव्हे, तर जुनी यंत्रणा शक्य तितकी चालू ठेवून, टप्प्याटप्प्याने. पतसंस्थेनेही किमान एक-दोन महिने वही आणि संगणक दोन्ही चालवावेत. त्या काळात कर्मचाऱ्यांना दुप्पट काम पडते. त्याचा मोबदला अंदाजपत्रकात लिहावा.

एका आकड्याऐवजी दोन

अंदाज एकाच आकड्यात सांगणारा माणूस एक तर फार अनुभवी असतो किंवा मुळीच नसतो. वरच्या आडतीच्या उदाहरणात सर्व काही सुरळीत झाले तर १४, बहुधा १७ आणि नियम बदलले, माहिती जुळली नाही तर ३२ मनुष्य-महिने लागतील असे समजू. १९५० च्या दशकाअखेरीस अमेरिकी नौदलाच्या प्रकल्पासाठी विकसित झालेल्या 'पर्ट' पद्धतीत मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन सरासरी काढतात: १४ अधिक ६८ अधिक ३२, भागिले ६, म्हणजे १९. टोकांच्या आकड्यांतील फरकाला सहाने भागले, की ३ हा चढउतार मिळतो. म्हणजे हे काम बहुतांशी १६ ते २२ मनुष्य-महिन्यांत बसावे. खर्च ९ लाख ६० हजार ते १३ लाख २० हजार आणि तीन माणसांच्या हिशेबाने कालावधी सव्वापाच ते साडेसात महिने. लक्षात घेण्यासारखे हे, की सरासरी १७ वर न राहता १९ वर गेली. काम लवकर संपायला मर्यादा असते, लांबायला नसते.

बेंट फ्लायब्यर्ग आणि अलेक्झांडर बुडझिअर यांनी २०११ मध्ये १,४७१ संगणक प्रकल्पांची पाहणी प्रसिद्ध केली. सरासरी खर्च अंदाजापेक्षा २७ टक्के जास्त झाला होता. हा आकडा भीतिदायक नाही. भीतिदायक आहे तो पुढचा: सहांपैकी एका प्रकल्पाचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी २०० टक्क्यांनी आणि कालावधी जवळपास ७० टक्क्यांनी वाढला होता. मोठ्या कंपनीला असा एखादा फटका सोसतो. तालुक्यातील पतसंस्थेचा तोच एकमेव प्रकल्प असतो.

करार करताना

यावर व्यवहारात चालणारा उपाय म्हणजे काम दोन करारांत विभागणे. पहिला करार फक्त अभ्यासाचा करावा. कंपनीच्या माणसाने तीन-चार आठवडे पेढीवर किंवा कार्यालयात बसावे, दिवाणजींचे नियम लिहून काढावेत, कागदांचे नमुने गोळा करावेत आणि मोजणीसह अंदाज द्यावा. त्याचे पैसे वेगळे द्यावेत आणि तो अहवाल संस्थेच्या मालकीचा असावा. त्याच्या आधारे दुसऱ्या कंपन्यांकडूनही दर मागविता येतात. 'नुसत्या कागदाला पैसे कशाला' हा प्रश्न सर्वसाधारण सभेत येईलच. पण मातीपरीक्षण न करता विहिरीचा किंवा इमारतीचा पाया कोणी खोदीत नाही, हे सभासदांना सहज पटण्यासारखे आहे. पुढच्या कामाचे पैसे तारखांवर न देता चालत्या टप्प्यांवर द्यावेत. मागच्या महिन्याच्या खऱ्या आवकेवरून शंभर पट्ट्या काढून दाखविल्या आणि त्या हाताने काढलेल्या पट्ट्यांशी पैशापर्यंत जुळल्या, हा टप्पा झाला. 'ऐंशी टक्के काम झाले' हा टप्पा नव्हे.

पहिला टप्पा पूर्ण झाला, की अंदाज पुन्हा काढावा. गुणामागे दहा तास धरले होते आणि प्रत्यक्षात चौदा लागले असतील, तर उरलेल्या कामालाही चौदाच लावावेत. 'पुढे वेग वाढेल' या आशेवर दहाचा आकडा तसाच ठेवणे, हा मुदत चुकण्याचा सर्वांत परिचित मार्ग आहे.

मुळात नवी प्रणाली लिहून घेण्याची गरज आहे का, हेही तपासावे. हिशेब, पगार किंवा पतसंस्थेचे नेहमीचे व्यवहार यांसाठी तयार सॉफ्टवेअर मिळते. तेथे प्रश्न उरतो तो आपल्या पद्धतीप्रमाणे करून घ्यायच्या बदलांचा, जुनी माहिती भरण्याचा आणि प्रशिक्षणाचा. हे तिन्ही खर्च मिळून परवान्याच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतात. बदलांची यादी फार लांबू लागली, तर आपली पद्धत थोडी बदलणे स्वस्त पडते.

वार्षिक देखभालीचा करार साधारणपणे मूळ किमतीच्या १५ ते २० टक्क्यांचा असतो. म्हणजे दहा लाखांची प्रणाली पाच वर्षांत देखभालीसह साडेसतरा ते वीस लाखांना पडते. मंजुरी घेताना ठरावात हाच आकडा लिहावा. कंपनी बंद पडल्यास किंवा करार मोडल्यास संस्थेची संपूर्ण माहिती सहज वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, अशी अट घालावी. ती नंतर घालता येत नाही.

पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात, भीमाशंकर-आहुपे परिसरातील डोंगराळ गावांत शाखा किंवा संकलन केंद्र असेल, तर मोबाइलचे जाळे नसतानाही नोंद व्हावी आणि जाळे मिळताच ती मुख्य कार्यालयात जावी, अशी सोय लागते. दोन ठिकाणी एकाच खात्यावर नोंद झाली तर कोणती खरी मानायची, हा नियम तेव्हा ठरवावा लागतो. मंचर किंवा नारायणगावच्या कार्यालयात बसून केलेल्या प्रात्यक्षिकात ही अडचण दिसत नाही. म्हणून अभ्यासाच्या त्या तीन-चार आठवड्यांतले दोन दिवस त्या शाखेवर काढण्याची अट पहिल्याच करारात असावी.